मॅटकडे पाठ करून

अंधेरीच्या त्या इनडोअर स्टेडियममध्ये मी सहा दिवस जांभळा टी-शर्ट घालून मिरवले. माझ्या हाताखालच्या चाळीस व्हॉलंटियरांचे टी-शर्ट पिवळे होते. हा रंगातला फरक मला फार आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं.

स्पर्धा महिला कबड्डीची होती. परदेशांतून संघ आले होते, सामने टीव्हीवर दिसणार होते. मीही एकेकाळी कबड्डी खेळले आहे. शाळेपासून थेट राज्याच्या संघापर्यंत गेले, आणि त्याच जोरावर स्पोर्ट्स कोट्यातून सरकारी ऑफिसात लागले. मग लग्न झालं, गुडघा गेला, आणि वीस वर्षं मी मैदानाकडे फिरकले नाही. व्हॉलंटियर पाहिजेत असा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर आला तेव्हा मला राहवलं नाही. फॉर्म भरला आणि आठ दिवसांची रजा टाकली.

ट्रेनिंग एमआयडीसीतल्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये झालं. जमलेल्यांत बहुतेक कॉलेजच्या मुली. इव्हेंट कंपनीचा मॅनेजर जेमतेम तिशीचा, कानात वायर, हातात वॉकीटॉकी. मुलींचा गोंधळ चालला होता, त्याचं कोणी ऐकेना. मी सवयीने ओरडले, "ए, लाइनीत उभ्या राहा!" आणि सगळ्या राहिल्या. तो माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, आप में लीडरशिप है," म्हणाला.

ऑफिसात बावीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. तिथे मी आवक-जावक बघते. त्याने मला सुपरवायझर केलं, जांभळा टी-शर्ट आणि एक वॉकीटॉकी दिला. घरी येऊन मी तो टी-शर्ट आरशासमोर घालून बघितला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, दार लावून.

पहिल्या दिवशी सकाळी गेटवर हजेरी घेत होते, तेवढ्यात मागून हाक आली, "काय गं डाव्या कोपऱ्या, ओळखलंस का?"

मला डावा कोपरा म्हणणारं माणूस जगात एकच आहे. विक्रोळीच्या आमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. साडीचा पदर खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी मला संघात डाव्या कोपऱ्यात उभं केलं, त्या दिवसापासून नावाने हाक मारली नाही. माझे वडील कारखान्यात होते, स्वभावाने कडक. पोरीने चड्डी घालून लोकांसमोर खेळायचं नाही, म्हणाले. तर बाई ओळीने तीन संध्याकाळी आमच्या चाळीतल्या खोलीत येऊन बसल्या. वाद घातला नाही. चहा प्यायच्या आणि बसून राहायच्या. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "न्या बाई, न्या, पण पायजमा घालून खेळू दे." पुढे पायजमाही गेला. माझी नोकरी, बोरिवलीचं घर, सगळं त्या तीन संध्याकाळींमुळे आहे.

आता बाई सहासष्ट वर्षांच्या. केस पांढरे आणि बारीक कापलेले, पंजाबी ड्रेसवर पिवळा टी-शर्ट, ओढणी कमरेला बांधलेली.

"बाई, तुम्ही इथे?"

"अगं, आमच्या मैदानावर अजून पोरींना शिकवते ना मी. त्यांनीच माझा फॉर्म भरला. म्हणाल्या, बाई, तिकीट काढून एक दिवस बघाल, व्हॉलंटियर झालात तर सहाही दिवस आत. मॅटवरची कबड्डी मी टीव्हीवरच बघितलीय गं. आपण सगळा जन्म मातीत काढला. म्हटलं एकदा जवळून बघू या."

मला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण आजूबाजूच्या मुली 'डावा कोपरा' ऐकून खुसखुसत होत्या, आणि मॅनेजर दहा पावलांवर उभा होता. मी आवाज खाली आणून म्हटलं, "बाई, इथे ना, सगळ्या मला मॅडम म्हणतात. म्हणजे, जरा शिस्त राहते."

बाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. "बरोबर आहे. शिस्त पाहिजेच." आणि लगेच, सगळ्यांच्या देखत, सरळ आवाजात विचारलं, "मॅडम, माझी ड्युटी कुठे आहे?" त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. टोमणा नव्हता.

व्हॉलंटियरांचे नियम एका कागदावर होते. ड्युटीवर बसायचं नाही, कारण कॅमेऱ्यात बसलेला व्हॉलंटियर दिसता कामा नये. आतले बाथरूम खेळाडू आणि पाहुण्यांसाठी. व्हॉलंटियरांनी पार्किंगच्या टोकाला लावलेल्या फायबरच्या संडासांत जायचं. पाण्याच्या सीलबंद बाटल्यांना हात लावायचा नाही, जारमधलं प्यायचं. जेवणाची पाकिटं जनरेटरच्या मागे वाटली जायची. बाराला यायची ती तीनला येत, आणि पुलाव गार झालेला असे. आम्हा जांभळ्यांना आत एसीत टेबलावर जेवण होतं. पहिल्या दिवशी मी ताट उचलून बाहेर मुलींबरोबर जायला निघाले होते. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, कहाँ? बैठो ना." मी बसले. दुसऱ्या दिवशी तर उठावंसंही वाटलं नाही.

वॉकीटॉकीवर ती मंडळी मुलींना 'यलो' म्हणायची. "दो यलो गेट तीन पे भेजो." दुसऱ्या दिवसापासून मीही तसंच म्हणायला लागले.

बाईंची ड्युटी आतल्या खालच्या स्टँडमध्ये, पायऱ्यांजवळ होती. ऐकायला बरी वाटते. पण तिथल्या व्हॉलंटियरने मॅटकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायचं, असा नियम होता. जी बाई सामने बघायचे म्हणून आली, तिला मॅटपासून वीस फुटांवर, मॅटकडे पाठ करून आठ-आठ तास उभं केलेलं. यादी वरून आली होती, पण ती बदलणं माझ्या हातात होतं. पेनाची एक रेघ मारायची होती. बाई काही बोलल्या नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलींना बोलवायला जनरेटरमागे गेले, तर बाई एका पालथ्या क्रेटवर बसून त्यांना सकाळचा सामना सांगत होत्या. न बघितलेला सामना.

"चढाई करणारी दमली ना, की तिचा मागचा पाय घासत येतो. ऐकू येतं. पकड झाली की आधी मॅट वाजते, मग पब्लिक ओरडतं. मॅट न वाजता पब्लिक ओरडलं तर समजायचं, बोनस घेतला."

"आणि ती शेवटची चढाई, बाई?" एकीने विचारलं.

"तिला कोपऱ्यातलीने पकडलं. घोट्याला. धप्पकन एकच आवाज आला, फरफट नाही. घोटा असा धरायचा असतो, एका झटक्यात."

आणि खरंच तसंच झालं होतं. मी बघितलं होतं. मी जनरेटरच्या आडोशाला उभी राहून ऐकत होते. त्या मुलींच्यात जाऊन बसावं असं फार वाटलं. मग मी पुढे होऊन म्हटलं, "चला, टाइम झाला."

तिसऱ्या दिवशी एका मुलीने येऊन सांगितलं की बाईंचे पाय सुजलेत, एखादी खुर्ची मिळेल का. मी म्हटलं, एकीला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. त्याच संध्याकाळी वॉकीटॉकीवर मॅनेजर बोलला, "मॅडम, वो आपकी आंटी मॅच देख रही है." मी खाली गेले. बाई मान अर्धवट वळवून मॅटकडे बघत होत्या. अख्ख्या स्टँडसमोर मी म्हणाले, "मॅटकडे बघायचं नाही, किती वेळा सांगायचं? पाठ तिकडे."

"सॉरी मॅडम," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

पहिल्या रांगेतली एक प्रेक्षक मला म्हणाली, "अहो, बघू द्या की त्यांना जरा." मी म्हटलं, "ताई, नियम आहे." तो नियम कोणी केला आणि कशासाठी, हे मला आजही माहीत नाही.

पाचव्या दिवशी उपांत्य सामना होता, आपल्या संघाचा. पण कॅमेऱ्यासमोरचा महागड्या तिकिटांचा स्टँड रिकामा. टीव्हीवाले मॅनेजरवर ओरडत होते. त्याने मला हुकूम दिला की तीस यलो घ्या, टी-शर्ट काढायला लावा, साध्या कपड्यांत तिथे बसवा आणि टाळ्या वाजवायला सांगा. मुली उड्या मारत कपडे बदलायला पळाल्या. बाईंनी टी-शर्ट काढून त्याची व्यवस्थित घडी केली, पिशवीत ठेवली, आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या.

पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड मॅटकडे होतं. खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसल्या होत्या, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. शेजारच्या मुलीला कोपराने ढोसत होत्या. "बघ, बघ तिचा डावा पाय. आता आत घुसणार. घुसली बघ!" मुलगी हसत होती, बाई हसत होत्या. मी पायऱ्यांवरून बघत होते आणि मला बरं वाटत होतं. हे सुख जणू मीच त्यांना दिलं होतं, असं बरं.

दहा मिनिटं झाली असतील. दारातून पंधरा-एक माणसं आत आली, गळ्यात पाहुण्यांची कार्डं. जाहिरातवाल्या कंपनीचे पाहुणे. मॅनेजर धावत माझ्याकडे आला. "पहली तीन लाइन खाली करो. अभी."

मी गेले. हातानेच खुणा केल्या, मुली उठल्या. बाई उठल्या नाहीत. त्यांचं लक्ष मॅटवर होतं. आपली चढाईपटू नुकतीच मधली रेषा ओलांडून आत गेली होती, समोर तिघीच उरल्या होत्या.

"बाई, उठा."

"मॅडम, एवढी चढाई होऊ दे," त्या मॅटवरची नजर न काढता म्हणाल्या. "तीसच सेकंद."

चढाई तीस सेकंदांची असते. मला हे कोणी सांगायला नको होतं. पण पाहुण्यांतला पुढचा माणूस माझ्या पाठीला लागून उभा होता, त्याच्या अत्तराचा वास येत होता, आणि मॅनेजर बघत होता. मी म्हणाले, "उठा. आत्ता." आणि बाईंचा दंड धरून ओढला.

दंड अगदी बारीक होता. बाई उठल्या, तोल गेला, पुढच्या खुर्चीला धरून सावरल्या. मांडीवरची पिशवी खाली पडली आणि घडी केलेला पिवळा टी-शर्ट त्या माणसाच्या बुटांवर आला. "अरे, ये तो स्टाफ है," तो म्हणाला. मॅनेजर पुढे आला. वैतागून मला म्हणाला, "मॅडम, ये आंटी आपकी पहचान की है क्या? रोज कुछ ना कुछ."

बाई वाकून टी-शर्ट उचलत होत्या. माझ्यापासून दोन हातांवर.

"नहीं सर," मी म्हणाले. "मैं नहीं जानती. व्हॉलंटियर है बस."

तेवढ्यात सगळं स्टेडियम ओरडलं. त्या चढाईत काय झालं ते बाईंनी बघितलं नाही. मीही नाही. मी पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत होते, कोणी नाराज तर नाही ना म्हणून.

पाहुण्यांनी फोटो काढले, फोनवर बोलले आणि पंधरा मिनिटांत चहासाठी आत गेले ते परत आलेच नाहीत. त्या तीन रांगा सामना संपेपर्यंत रिकाम्या राहिल्या. मुलींना परत बसवावं असं मॅनेजरला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी गप्प राहिले, कारण बसवायचं तर बाईंशी बोलावं लागलं असतं. त्यांनी टी-शर्ट पुन्हा घातला होता आणि आपल्या जागेवर, मॅटकडे पाठ करून उभ्या होत्या.

त्या रात्री मी मनातून म्हणत होते, बाई उद्या नकोत यायला. त्या आल्या, वेळेच्या दहा मिनिटं आधी. हजेरीला "हजर, मॅडम" म्हणाल्या. अंतिम सामना आपण जिंकलो, छतावरून सोनेरी कागद पडले. शेवटी सगळ्या व्हॉलंटियरांचा खेळाडूंबरोबर मॅटवर फोटो होणार, असं पहिल्या दिवसापासून सांगितलेलं होतं. ऐनवेळी फक्त जांभळ्यांना बोलावलं. मी गेले. बूट काढून मॅटवर उभी राहिले. फोटोत डावीकडून तिसरी आहे, दात काढून हसणारी. त्या वेळी बाई मुलींबरोबर स्टँडमधल्या रिकाम्या बाटल्या गोळा करत होत्या. मुलींना प्रमाणपत्रं मेलवर येणार होती. बऱ्याच जणींना ती आलीच नाहीत. त्यांनी मला व्हॉलंटियरांच्या ग्रुपवर विचारलं, मी मॅनेजरला एकदा मेसेज केला, आणि मग ग्रुप सोडला.

ऑफिसात माझा सत्कार झाला. साहेबांनी गुच्छ दिला, फोटो नोटीस बोर्डावर लावला. "अनुभव कसा होता?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हणाले, "खूप शिकायला मिळालं." टाळ्या पडल्या.

नवऱ्याला मी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "तू तरी काय करणार होतीस? तुझ्यावरही कोणीतरी होताच ना." ते खरं आहे. पण त्या दिवशी मी मॅनेजरला थांब म्हटलं असतं तर काय झालं असतं? फार तर त्याने जांभळा टी-शर्ट काढून घेतला असता. त्याला माझी नोकरी घेता येत नव्हती, घर घेता येत नव्हतं. मी इतकी भ्यायले ती एका टी-शर्टसाठी.

सात महिने मी विक्रोळीला बाईंच्या घरी गेले नाही. मग एक दिवस ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "पुढच्या वर्षी माझ्या मुलीला लावशील का गं व्हॉलंटियर म्हणून? तुझी तिथे ओळख आहे ना." ओळख हा शब्द ऐकला आणि मी अर्धा डबा तसाच बंद केला. त्या रविवारी मी गेले.

दार सुनेने उघडलं. बाई जमिनीवर पाय पसरून मटार सोलत होत्या. "या," म्हणाल्या. मला खुर्ची दिली. मी खुर्चीवर बसले नाही, खाली त्यांच्यासमोर बसले आणि जे पाठ करून आले होते ते बोलायला लागले. मध्येच विसरले. मग नुसतं म्हणाले, "बाई, मी फार वाईट वागले."

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले.

"उठवलंस त्याचं काही नाही," म्हणाल्या. "मी शाळेत पस्तीस वर्षं काढली, वरून हुकूम आला की काय होतं ते मला माहितीय. मीही पोरींना उन्हात उभं केलंय, साहेबांची गाडी यायची म्हणून. पण तू ओळखत नाही म्हणालीस. ओळखते म्हणाली असतीस तर काय झालं असतं?"

"काही नाही."

"तेच," बाई म्हणाल्या. "काहीच झालं नसतं, तरी नाही म्हणालीस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. शाळेत चुकलं की त्या मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावायच्या. फेऱ्या मारून झाल्या की विषय संपायचा. मी तशाच कसल्यातरी शिक्षेची वाट बघत होते. बाईंनी मटाराची टरफलं गोळा केली, उठल्या आणि आत जाता जाता विचारलं, "चहा घेणार ना तुम्ही?"

रागात त्या मला 'तू' म्हणाल्या होत्या. राग संपल्यावर पुन्हा 'तुम्ही'.

चहा झाला. सुनेची नोकरी, बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट, असं बोलणं झालं. पाच वाजता खालून मुलींनी हाका मारल्या. बाईंनी शिट्टी गळ्यात घातली, मी त्यांच्या मागोमाग जिना उतरले. मैदान बिल्डिंगच्या मागेच आहे. दहा-बारा मुली मातीवर पाणी मारत होत्या. त्यांतल्या एकीने मला न्याहाळून विचारलं, "बाई, ह्या कोण?"

"माझी विद्यार्थिनी," बाई म्हणाल्या. "राज्याकडून खेळलीय. घोटा धरला की सुटायचा नाही कोणाचा."

मुली एकदम जवळ आल्या. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघवेना. "मॅडम, दाखवा ना, घोटा कसा धरायचा ते," एक जण म्हणाली आणि लगेच माझ्यासमोर एक पाय पुढे टाकून उभी राहिली. बाई बाजूला कोणाच्या तरी बुटांची नाडी बांधून देत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

मी म्हटलं, मला उशीर होतोय, घरी वाट बघतायत. त्या दिवशी घरी कोणीच नव्हतं. मी मैदानाच्या कडेने हायवेकडे चालत गेले आणि मिळेल त्या रिक्षात बसले.